उंबऱ्यामागे पाच भाकरी

आमच्या धंद्यात प्रकल्पाचे चार भाग शिकवतात: सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी आणि समारोप. पहिले तीन घोटून घोटून शिकवतात. समारोप येतो प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, जेवणानंतर. तोवर निम्मी मंडळी बसची वेळ बघत असतात आणि शिकवणाऱ्याच्याही डोळ्यांवर झापड आलेली असते. काम झालं की किल्ल्या द्यायच्या, फोटो काढायचे आणि निघायचं, एवढंच सांगतात. निघून कुठे जायचं, ते ज्याचं त्याने बघावं.

मी एका ग्रामविकास संस्थेत समन्वयक होते. म्हणजे स्वतःच्या हाताने काहीही न करता दुसऱ्यांकडून सगळं वेळेवर करून घेणारी बाई. आईला हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस," म्हणायची. आमचं घर नगरला, वडील कोर्टात कारकून, आणि लष्कराच्या गाड्या खरोखरच आमच्या रस्त्याने जायच्या, त्यामुळे तिच्या तोंडी ती म्हण शोभायचीही. गंमत म्हणजे मला भाकरी येतच नव्हती. आमच्याकडे रोज पोळ्या. भाकरी वर्षातून एकदा, भोगीला, आणि तीही कामाला येणाऱ्या बाई थापून देत.

आई गेल्यावर भावाने आणि मी घर विकलं. तो पुण्यात, मी संगमनेरला, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. का केलं नाही याची कारणं एके काळी तोंडपाठ होती, आता आठवावी लागतात. भाजीवाली "अर्धा किलो ना?" म्हणाली की मला उगाच तिचा राग यायचा. पावशेर भाजी मला दोन दिवस पुरायची, आणि हे चारचौघांत सांगायचं जिवावर यायचं.

संस्थेने दिलेला माझा शेवटचा प्रकल्प तालुक्याच्या पठारावरच्या एका गावात होता. घाट चढून वर गेलं की ऊस संपतो, बाजरी सुरू होते, आणि घराघरापुढे गाई दिसतात. दूध हाच त्या गावाचा पगार. उन्हाळ्यात मात्र टेम्पो खाली संगमनेरला पोचेपर्यंत दूध नासायचं आणि भरलेले कॅन तसेच परत यायचे. गावातच दूध थंड करून ठेवणारं केंद्र उभं करायचं, एवढं आमचं काम. एक खोली, त्यात स्टीलची मोठी टाकी, वीज, आणि ते चालवणारा बायकांचा गट. त्या टाकीला गाव कूलर म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

पहिली बैठक मारुतीच्या देवळापुढे झाली. दूध संस्थेचे चेअरमन, पांढरी टोपी, बोलण्याआधी खाकरायची सवय, मला म्हणाले, "मॅडम, असं लई जन येऊन गेलं. फोटू काढत्यात आन जात्यात."

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

असं बोलायचं नसतं. प्रकल्पात आश्वासन नेहमी कामाचं द्यावं, स्वतःचं देऊ नये. पण वाक्य तोंडातून गेलं ते गेलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी गावात खोली बघितली. शेवटची एसटी लवकर सुटते, हे संस्थेला दिलेलं कारण. खरं कारण असं की त्या बैठकीनंतर एका बाईने मला चहाला नेलं आणि चहा होईपर्यंत चुलीजवळ बसवून घेतलं. तिने काही विशेष विचारलं नाही. नुसतं बसवून घेतलं. संगमनेरच्या खोल्यांत मला बसवून घेणारं कोणी नव्हतं.

खोली तिच्याच शेजारी मिळाली. मालक चाकणला कंपनीत, घर कुलपात, किल्ली या शेजारणीकडे. मी तिला वहिनी म्हणायला लागले. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल, पण गावात सगळे तिला वहिनीच म्हणत. ती मला मॅडमच म्हणत राहिली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, ताई म्हणा की." ती हसली, एक दिवस ताई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅडम.

नियोजनात मी पटाईत आहे, हे मी निर्लज्जपणे सांगते. मोठ्या कॅलेंडरच्या पाठीमागे आडव्या-उभ्या रेघा मारून, रंगीत पेनांनी, कोणतं काम कधी सुरू आणि कधी बंद, असा तक्ता मी भिंतीवर लावला. पाया, भिंती, स्लॅब, वीज, मग कूलर. चेअरमन चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"पंचांग हाय व्हय ह्ये?"

"तसंच समजा."

"मग मुहूर्त कुठं हायेत?"

मी हसण्यावारी नेलं. तिथेच माझं घोडं पेंड खाणार होतं.

पायाला नारळ फुटला, भिंती चढल्या. मग चेअरमननी गुरुजींकडून चौकटीचा मुहूर्त काढून आणला. कंपनीकडून कूलरची मापं यायची होती. मी ओरडून सांगितलं की मापं येऊ द्या, मग चौकट बसवा. पण त्यानंतर तीन महिने मुहूर्त नव्हता म्हणे. मी एका बैठकीसाठी खाली संगमनेरला गेले होते तेवढ्यात यांनी चौकट उभी केली. हळदकुंकू लावलं, आंब्याचे डहाळे बांधले, उंबऱ्यावर नारळ फोडला, पेढे वाटले. वहिनीने माझा पेढा वाटीत झाकून ठेवला होता. महिन्याने मापं आली. कूलर चौकटीपेक्षा हातभर रुंद.

मी गवंड्याला म्हणाले, "चौकट काढा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पुजलेली हाय ती, मॅडम."

"मग?"

"मग कशी काढायची?"

मी तासभर भांडले. विज्ञान सांगितलं, तक्ता दाखवला, कंपनीचा ट्रक अमुक दिवशी येणार हे सांगितलं, आवाज चढवला, मग खाली आणला. कोणी उलट बोलेना आणि कोणी चौकटीला हातही लावेना. शेवटी चेअरमन खाकरले आणि म्हणाले, "मागची भित पाडू. भित न्हाई पुजलेली."

आणि खरोखरच त्यांनी चांगली बांधलेली, पाणी मारून पक्की झालेली मागची भिंत पाडली, कूलर मागून आत घेतला आणि भिंत पुन्हा बांधली. गाव करी ते राव काय करी. नव्या सिमेंटचा रंग आजही वेगळा दिसतो. रागाने मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठा. कुनावर रुसला? उंबरा हाय त्यो. त्येच्यावर रुसून कसं चालंल?"

मग तिने मला घरी नेऊन परातीपुढे बसवलं. "थापा," म्हणाली. "राग जातू."

अशी मी भाकरी शिकले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. पीठ मळताना तळहाताने रगडायचं, पाणी एकदम ओतायचं नाही, थापताना परात फिरवायची नाही, भाकरी फिरवायची. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच दुभंगली. वहिनीच्या नवऱ्याने ती तशीच खाल्ली आणि "चालती," एवढंच म्हणाला. कितीतरी दिवस माझ्या भाकरीची कड फाटायची. वहिनी मान कलती करून बघायची आणि म्हणायची, "उद्या हुईल."

ते दिवस चांगले होते. मला ते तेव्हाच कळत होतं, हे विशेष. विजेचं कनेक्शन अडलं, गटातल्या दोन बायका बोलेनाशा झाल्या, कूलर दोनदा बंद पडला, आणि हे सगळं सांगायला माणसं माझ्या खोलीवर यायची. भांडायला का होईना, यायची. कोणी उंबऱ्यावर बसायचं, कोणी आत पाण्याच्या माठाजवळ. फोन सकाळपासून वाजायचा आणि मी त्रासल्याचा आव आणून तो घ्यायचे. खिडकीत वहिनी सकाळी दुधाचा गडू ठेवून जायची, हाक न मारता. पहिल्या दिवशी कूलरमधून काढलेलं दूध चेअरमननी हातावर घेतलं, म्हणाले, "गार हाय," आणि डोळे पुसले. मी तेव्हा पाठ फिरवून वायरिंग तपासत असल्यासारखं केलं. मलाही भरून आलं होतं.

आता जी गोष्ट सांगायची ती समारोपाची.

माझं कंत्राट या प्रकल्पाबरोबर संपणार होतं आणि संस्थेकडे माझ्यासाठी पुढचं काम नव्हतं. ते माझ्या वयाकडे बघून फार गोड शब्दांत सांगितलं गेलं. मी मनाशी एक ठरवलं होतं, कोणाला बोलले नव्हते. गावातल्या कोणीही एकदा "राहा" म्हटलं की मी संगमनेरची जागा सोडून इथेच राहणार. मालकाला भाडं चालूच होतं, त्याची काही हरकत नव्हती. स्वतःहून विचारायचं मात्र नव्हतं. विचारलं की माणसं नाही म्हणत नाहीत, आणि मला तसं 'हो' नको होतं. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं. आयुष्यभर मी माणसांना अमुक दिवशी अमुक करा म्हणून सांगत आले, आणि ही एक गोष्ट कोणाकडून करून घेता येत नव्हती.

समारोपाला गावजेवण ठरलं. आमच्याकडे गावजेवणाची रीत अशी की आमटी देवळापुढे मोठ्या कढईत होते आणि भाकरी घराघरातून येतात. उंबऱ्यामागे पाच, नाहीतर सात, जसं ठरेल तसं. गरीब असो, बागायतदार असो, भाकरी सगळ्यांच्या सारख्या आणि एकाच ढिगात. त्या ढिगात भाकरी पडल्या म्हणजे तो उंबरा गावाचा. पाहुणे पहिल्या पंगतीला बसतात, गाव वाढतं, आणि गाव सगळ्यात शेवटी जेवतं.

उंबऱ्यामागे पाच ठरल्या. देवळाच्या पायरीवर बसून चेअरमन गाव मोजायला लागले. डोळे मिटून, आळी आळीने, जणू चालत जात असल्यासारखे. मी खाली सतरंजीवर बसले होते. आमची आळी आली. वहिनीचं घर आलं. शाळेत हजेरीच्या वेळी बसायचे तशी मी ताठ बसले.

"त्याच्या फुडं चाकनवाल्याचं," चेअरमन म्हणाले, "त्ये बंदच हाय." आणि पुढे गेले.

बंद. दीड वर्ष त्या घरात मी दिवा लावत होते. माझ्या उंबऱ्यावर बसून या माणसाने कितीदा चहा घेतला होता. घरी येताना स्वतःची समजूत घातली: जुनी सवय आहे, मालक चाकणला गेल्यापासून ते घर त्यांच्या मोजणीत बंदच आहे, ते घर मोजत होते, मला कुठे मोजत होते? समजूत पटली नाही. पण एक हट्ट मात्र डोक्यात शिरला. त्यांनी मोजो न मोजो, माझ्या उंबऱ्याच्या पाच भाकरी मी देणार.

गावजेवणाच्या दिवशी मी पहाटेच उठले. सात थापल्या. एक तव्यावर फाटली, एक करपली. पाच मात्र अशा झाल्या की मीच बघत राहिले. गोल, पातळ, कड अखंड, आणि प्रत्येक टम्म फुगलेली. आई असती तर तिला दाखवल्या असत्या. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून मी देवळाकडे निघाले. वाटेत आणखी चार जणी तशीच गाठोडी घेऊन चालल्या होत्या. मी त्यांच्यात मिसळले आणि त्या चार पावलांत मला जे वाटलं त्याला सुख म्हणतात. दुसरा शब्द नाही.

ढिगाजवळ वहिनी बसली होती, येणाऱ्या भाकरी घ्यायला. पुढच्या बाईच्या घेतल्या, माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मायेने फुलला.

"अगं बया! मॅडम, तुमी कशाला?"

"माझ्या उंबऱ्याच्या," मी म्हणाले. हसत म्हणायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

"न्हाई न्हाई. तुमच्याकडनं भाकरी घ्यायच्या? गाव काय म्हनंल आमाला? तुमी पाव्हन्या. तुमी आज पयल्या पंगतीला." असं म्हणत तिने गाठोडं माझ्या हातात परत दिलं, वर माझी बोटं त्यावर मिटवून दाबली. ती हे प्रेमाने करत होती. तिच्या मनात दुजाभाव असता तर मी भांडले असते. भांडायला मी कधी मागे नव्हते. प्रेमाशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

मागच्या बाईने पुढे होऊन आपल्या भाकरी ढिगावर ठेवल्या. मी बाजूला झाले.

मग सगळं ठरल्याप्रमाणे झालं, कारण ते मीच ठरवलं होतं. संस्थेचे संचालक गाडीने आले. फीत कापली, किल्ली बायकांच्या गटाकडे दिली. मला शाल आणि नारळ दिला. चेअरमन भाषणात म्हणाले की मॅडमनी गावासाठी घरच्यासारखं केलं. घरच्यासारखं. टाळ्या झाल्या, मी हात जोडले.

पंगत बसायच्या वेळी मी एकदा शेवटचा प्रयत्न केला. शाल आणि गाठोडं खुर्चीवर ठेवलं, पदर खोचला आणि कढईजवळची आमटीची बादली उचलली. दोन पावलंही गेले नसेन, वहिनीच्या नवऱ्याने बादली हळूच काढून घेतली. "बसा तुमी, मॅडम. आज तुमी बसायचं." मला संचालकांशेजारी बसवलं. ताटात भाकरी आली. कडेला बोटांचे ठसे होते, वहिनीचीच होती, आता मला गावातल्या पाच-सहा घरांच्या भाकरी ओळखता येत होत्या. मी ती आमटीत चुरली आणि मान खाली घालून जेवले. गाव उभं राहून वाढत होतं आणि आग्रह करत होतं. रडू येत होतं. आमटी तिखट होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

संचालकांना उजेडात घाट उतरायचा होता. "चला, गाडीत जागा आहे," ते म्हणाले. माझी बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवलेली होती. भरताना मी स्वतःला बजावलं होतं की भरली म्हणजे काही निघालोच असं नाही. कोणी म्हटलं तर रिकामी करायला किती वेळ लागतो? खोलीला कुलूप लावून किल्ली वहिनीच्या हातात दिली. तिने ती कनवटीला लावली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "येत जा अदनंमदनं."

"येईन," मी म्हणाले.

गाडी निघाली तेव्हा देवळापुढे शेवटची पंगत बसत होती, गावाची. एकमेकांना हाका मारत, जागा करून देत, सगळे खाली बसत होते. मागे वळून बघितलं तर कोणी हात हलवत नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. त्यांना भुका लागल्या होत्या.

घाट सुरू झाल्यावर पुढे बसलेल्या संचालकांनी मागे वळून माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं. "गावाने भाकरी बांधून दिल्या वाटतं?"

मला खरं सांगता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"द्या की एक. मला त्यांनी लाडूचाच आग्रह केला, भाकरी राहूनच गेली." मी गाठ सोडून एक भाकरी पुढे केली. त्यांनी कोरडीच मोडून खाल्ली, दुसरा तुकडा ड्रायव्हरला दिला आणि मान डोलावून म्हणाले, "वा. ही खरी गावची भाकरी. आपल्याकडे कोणाला असं जमायचं नाही."

मी उरलेल्या चार भाकरी फडक्यात पुन्हा बांधल्या. "हो," म्हणाले, "गावचीच आहे." आणि संगमनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.